कोचकडे जायचं की थेरपिस्टकडे, हे कसं ठरवायचं

मला कुणाशी तरी बोलायचंय पण कोचकडे जाऊ की थेरपिस्टकडे, असं ओळखीतले बरेच जण मला विचारतात, कारण मी दोन्हीकडे जाऊन आलेय हे त्यांना माहीत आहे. मी आधी कोचकडे गेले होते आणि तिथे आठ महिने काढले. कोच चांगली होती, पण माझा त्रास तिच्या कामातला नव्हताच. तसे आठ महिने दुसऱ्या कुणाचे जाऊ नयेत असं मला मनापासून वाटतं म्हणून जरा सविस्तर लिहितेय. मी डॉक्टर नाही आणि थेरपिस्टही नाही, तुमचं निदान इथे होणार नाही, पण पहिलं दार कुठलं ठोठवायचं एवढं ठरवायला उपयोग होईल.

सगळ्यात आधी एक गोष्ट. जिवाचं बरंवाईट करून घ्यायचे विचार येत असतील, स्वतःला इजा केली असेल, इतरांना ऐकू येत नाहीत असे आवाज ऐकू येत असतील, किंवा कित्येक रात्री धड झोप नाही तरी अंगात प्रचंड जोर आणि डोकं सुसाट असं चाललं असेल, तर कोच की थेरपिस्ट हा प्रश्न बाजूला ठेवा. सरळ सायकियाट्रिस्ट गाठा, ते जमत नसेल तर जवळच्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा किंवा तुमच्या इथल्या हेल्पलाइनला फोन करा, आणि विश्वासातल्या एका तरी माणसाला आत्ताच्या आत्ता सांगा. पुढचं नंतर वाचलं तरी चालेल.

कोण कोण असतं

मराठीत मुळात शब्दांचाच घोळ आहे. कोचिंग म्हटलं की अर्ध्या लोकांना क्लास आठवतो, आणि मानसोपचार म्हटलं की गोळ्या देणारे डॉक्टर आणि बोलून उपचार करणारे थेरपिस्ट दोघंही त्याच एका शब्दात जाऊन बसतात, त्यामुळे "मानसोपचार घेतोय" असं कुणी म्हटलं की ऐकणाऱ्याला नक्की काय ते कळतच नाही.

सायकियाट्रिस्ट म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ, हे मेडिकल डॉक्टर असतात, निदान करतात आणि औषधं लिहून देतात. सायकॉलॉजिस्ट म्हणजे मानसशास्त्रज्ञ, त्यातले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट टेस्ट घेतात, निदान करतात आणि थेरपी देतात, गोळ्या मात्र बहुतेक ठिकाणी देत नाहीत. काउन्सेलर किंवा समुपदेशक हा शब्द फार सैल वापरला जातो, त्यात मास्टर्स करून सुपरव्हिजनखाली, म्हणजे अनुभवी तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, वर्षानुवर्षं काम केलेलेही येतात आणि शनिवार रविवारचा कोर्स केलेलेही येतात, म्हणून तिथे शिक्षण विचारायचंच. थेरपिस्ट म्हणजे बोलून मानसिक त्रासावर उपचार करणारा प्रशिक्षित माणूस. आणि कोच म्हणजे तुम्ही ठरवलेल्या एखाद्या बदलापर्यंत तुम्हाला प्रश्न विचारत, आरसा दाखवत, हिशोब मागत घेऊन जाणारा माणूस, तो निदान करत नाही, उपचारही करत नाही. निदान आणि उपचार करतो असं एखादा कोच म्हणत असेल तर तिथून निघा.

हे दोघं आले कुठून ते कळलं की फरक पटकन लक्षात येतो. थेरपी दवाखान्यातून आली. १८९५ मध्ये ब्रॉयर आणि फ्रॉइड या दोन डॉक्टरांनी त्यांच्या केसेस छापल्या, त्यातल्या एका पेशंटनेच या प्रकाराला बोलण्याचा इलाज असं नाव दिलं होतं. पुढे १९५० आणि ६० च्या दशकात अल्बर्ट एलिस आणि ॲरन बेक यांनी विचार तपासून बदलायच्या पद्धती आणल्या, आज जिला सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी) म्हणतात ती बरीचशी त्यातूनच उभी राहिली. कोचिंग मात्र बरंचसं खेळाच्या मैदानावरून आलं. १९७० च्या दशकात टिमोथी गॅलवे नावाचे टेनिस कोच होते, त्यांच्या लक्षात आलं की खेळाडूला सारख्या सूचना देण्यापेक्षा त्याचं लक्ष कुठे आहे ते त्यालाच पाहायला लावलं तर तो भराभर शिकतो. ती कल्पना जॉन व्हिटमोर वगैरे लोकांनी कंपन्यांमध्ये नेली, ध्येय काय, सध्या परिस्थिती काय, पर्याय कुठले आणि आता नक्की काय करणार, हे चार टप्पे म्हणजे ग्रो मॉडेल, आजही कित्येक कोच त्यावरच काम करतात.

म्हणजे कोच मुळात हे धरून चालतो की समोरचा माणूस पळू शकतो, प्रश्न इतकाच की कुठे पळायचं आणि कसं. थेरपिस्ट आधी पाय दुखतोय का ते बघतो. माझ्या मते सगळा फरक इथेच आहे. पाय दुखावलेला असताना कोचकडे गेलात तर तो तुम्हाला प्रेमाने, मनापासून, पण पळायलाच लावणार, आणि तुम्ही पळू शकला नाहीत की तुम्हाला वाटणार आपल्यातच दम नाही.

भूतकाळ आणि भविष्यकाळ हा निकष लावू नका

थेरपी भूतकाळाची आणि कोचिंग भविष्याचं, हे वाक्य तुम्ही शंभर ठिकाणी वाचलं असेल. लक्षात ठेवायला सोपं आहे, पण ठरवायला काही कामाचं नाही. सीबीटीमध्ये बराच वेळ या आठवड्यात काय झालं, त्या क्षणी मनात काय आलं, पुढच्या आठवड्यात काय करून बघायचं यावरच जातो, होमवर्क असतं, तक्ते भरायचे असतात. आणि चांगला कोचही विचारतो की असं आधी कधी झालंय का, तेव्हा काय केलं होतंस. मला बालपणावर बोलायचं नाही म्हणून कोचकडे जाते, हे कारण मी स्वतः दिलं होतं, आणि नंतर थेरपीत पहिले दोन महिने बालपण हा विषय निघालाच नाही.

थेरपी आजारी लोकांसाठी आणि कोचिंग यशस्वी लोकांसाठी, हाही समज डोक्यातून काढा. लोक कोच निवडतात त्यामागे पुष्कळदा हे एकच कारण असतं, की कोच आहे असं चारचौघांत सांगता येतं आणि थेरपिस्ट आहे असं सांगायला जीभ रेटत नाही. त्याची लाज वाटते हे मी समजू शकते, पण लाजेने दार निवडू नका, कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही हे तुमच्याच हातात असतं.

मग निकष कुठला

आपल्याकडे म्हणतात ना, कळतं पण वळत नाही. सुरुवात तिथून करा. तुम्हाला ज्यात मदत हवी आहे ती एक गोष्ट घ्या आणि स्वतःला विचारा, की हे मला कळत नाहीये का, की कळतंय पण वळत नाहीये, आणि वळत नसेल तर त्या वळणावर नेमकं काय आडवं येतंय.

काय करायचं तेच कळत नसेल, पर्याय खूप आहेत, डोक्यात गुंता आहे, नोकरी बदलू का, टीम पहिल्यांदाच हाताखाली आलीये तर कशी सांभाळू, धंदा वाढवायचाय पण प्राधान्य कशाला देऊ, तर ते कोचचं काम आहे. कळतंय, मनही ताळ्यावर आहे, झोप भूक बरी आहे, पण एकट्याने करताना ढिलाई होते, कुणी विचारणारं नाही म्हणून राहून जातं, तर तेही कोचचंच काम.

पण कळतंय, प्लॅन हातात आहे, वेळ आहे, इच्छाही आहे, आणि तरी दर वेळी त्याच जागी येऊन छातीत धडधडतं, पोटात गोळा येतो, डोकं बधिर होतं, रडू येतं किंवा काहीच वाटेनासं होतं, तर आडवी आलेली गोष्ट आळस नाही. तिथे थेरपिस्ट लागतो.

माझं उदाहरण देते म्हणजे कळेल. मी मेलला उत्तरं द्यायचं टाळायचे. दोनशे, तीनशे न वाचलेले मेल, त्यातले काही अगदी साधे, हो किंवा नाही एवढंच लिहायचं. कोचने माझ्याबरोबर बसून मस्त सिस्टिम लावली, रोज सकाळी साडेनऊ ते दहा फक्त मेल, तीन रंगांची लेबलं, आणि दर शुक्रवारी तिला आकडा पाठवायचा. पहिल्या आठवड्यात जमलं. दुसऱ्या आठवड्यापासून साडेनऊ वाजले की मी उठून कपाट आवरायला लागायचे. शुक्रवारी आकडा खोटा पाठवायला लागले, आणि त्या खोट्या आकड्याची इतकी शरम वाटायची की शनिवार रविवार त्यातच जायचा. पुढच्या सेशनला आम्ही सिस्टिम आणखी सोपी करायचो, मग आणखी सोपी, असं आठ महिने चाललं.

थेरपिस्टने पहिल्याच दिवशी सिस्टिमबद्दल एक शब्द विचारला नाही. तिने विचारलं, मेल उघडायच्या आधीच्या दोन मिनिटांत अंगात काय होतं? मला उत्तरच देता येईना, कारण मी त्या दोन मिनिटांकडे कधी बघितलंच नव्हतं. ती म्हणाली घाई नाही, डोळे मिटा आणि आज सकाळचे साडेनऊ आठवा. मग सापडलं, मान आखडते, हात गार पडतात, आणि मनात एक वाक्य येतं की आता कळेल सगळ्यांना. काय कळेल? की मला काही येत नाही. ते वाक्य कितीतरी वर्षं तिथे बसलेलं होतं आणि त्याच्यावर मी रंगीत लेबलं चिकटवत होते. पुढे त्याला अँक्झायटी, म्हणजे सतत मनात घर करून बसलेली भीती आणि काळजी, हे नाव मिळालं, मग आधी त्याच्यावर काम झालं, आणि नंतर मेलसाठी वेगळी सिस्टिम लावावीच लागली नाही.

घरी बसून काय तपासता येतं

गेले दोन आठवडे डोळ्यासमोर आणा. जवळजवळ रोज उदास किंवा रिकामं वाटतंय का, आवडीच्या गोष्टीत मन लागत नाहीये का, झोप आणि भूक खूप कमी किंवा खूप जास्त झालीये का, कामावर किंवा घरात रोजच्या गोष्टी अडायला लागल्यात का. दोन आठवडे हा आकडा मी मनाने सांगत नाहीये, डिप्रेशनच्या निदानात किमान तेवढा काळ बघतात. पीएचक्यू-९ नावाची ९ प्रश्नांची एक साधी प्रश्नावली आहे, ती याच दोन आठवड्यांबद्दल विचारते, प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २७, आणि बेरीज १० किंवा जास्त आली तर तज्ज्ञाला दाखवायला हवं असं साधारण मानतात. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करायच्या विचारांचा आहे, त्याला शून्याशिवाय काहीही उत्तर आलं तर बेरीज बघत बसू नका, लगेच बोला. अँक्झायटीसाठी तशीच जीएडी-७ आहे, ७ प्रश्न, एकूण २१, तिथेही १० किंवा जास्त आले तर लक्ष द्यायचं. दोन्ही फुकट मिळतात. पण ही चाळणी आहे, निदान नाही, कमी गुण आले म्हणून त्रास खोटा ठरत नाही.

आणि फॅमिली डॉक्टरकडून एकदा रक्त तपासून घ्या, हे लोक फार विसरतात. थायरॉइड कमी काम करत असेल, बी-१२ कमी असेल, हिमोग्लोबिन खाली गेलं असेल तर थकवा, मरगळ, कशात लक्ष न लागणं हे सगळं हुबेहूब डिप्रेशनसारखं दिसू शकतं. त्यावर कोचही उपयोगाचा नाही आणि थेरपिस्टही.

जिथे खरंच गोंधळ होतो

बर्नआउट ही सगळ्यात अवघड जागा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-११ मध्ये, बर्नआउटला आजार म्हटलेलं नाही, कामाशी संबंधित अवस्था म्हटलंय: थकून रिकामं होणं, कामाबद्दल तुटलेपणा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. म्हणजे त्रास कामापुरता असेल, सुट्टीत चार दिवसांनी माणूस पुन्हा हसायला लागत असेल, तर कामाची मांडणी, नाही म्हणणं, बॉसशी बोलणं यावर कोचबरोबर चांगलं काम होतं. पण सुट्टीतही तेच चालू राहिलं, आवडत्या माणसांतही मन लागेना, सकाळी उठायचंच नको वाटायला लागलं, तर त्याला बर्नआउट म्हणत बसू नका, थेरपिस्टला दाखवा. बर्नआउट हा शब्द ऐकायला बरा वाटतो म्हणून त्याच्या आड डिप्रेशन लपून राहिलेलं मी जवळून बघितलंय.

जवळचं माणूस गेल्याचं दुःख हा आजार नाही, त्याला वेळ लागतो आणि लागू द्यावा. पण खूप महिने उलटूनही पहिल्या आठवड्याइतकंच तीव्र राहिलं आणि रोजचं जगणं अडलं तर त्याचं वेगळं निदान असतं, आयसीडी-११ मध्ये त्यासाठी किमान ६ महिने धरतात, आणि त्यावर थेरपी आहे. अर्थात ६ महिने थांबायलाच हवं असं काही नाही, आधार हवा असेल तर पहिल्या आठवड्यातही जाता येतं. या काळात कोचने "आता पुढे काय" विचारलं तर ते जखमेवर बोट ठेवल्यासारखं होतं.

एडीएचडीत, म्हणजे लक्ष टिकत नाही, मन आणि शरीर एका जागी थांबत नाही अशा त्रासात, दोघंही लागू शकतात. निदान आणि औषधं सायकियाट्रिस्टकडे, त्याबरोबर येणारं अपराधीपण आणि स्वतःबद्दलचा राग थेरपीत, आणि दिवस कसा बांधायचा, कामाचे तुकडे कसे करायचे यासाठी त्यातला अनुभव असलेला कोच.

नात्यातली भांडणं असतील तर कपल थेरपीचं (जोडप्यासोबतच्या थेरपीचं) प्रशिक्षण घेतलेले थेरपिस्ट शोधा, लाइफ कोच नको. आणि घरात मारहाण, धमक्या, पैसे किंवा फोनवर पहारा असं काही असेल तर जोडीने थेरपीला जाऊ नका, तिथे खरं बोललेलं घरी आल्यावर महागात पडू शकतं. आधी एकट्याने मदत घ्या, सुरक्षितता पहिली.

कोच निवडताना

बहुतेक देशांत कोच ही पदवी कायद्याने राखीव नाही, आज ठरवलं तर मी उद्या पाटी लावू शकते. म्हणून चौकशी तुम्हालाच करावी लागते. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही १९९५ मध्ये सुरू झालेली संस्था तीन पातळ्यांची प्रमाणपत्रं देते: एसीसी साठी किमान ६० तासांचं शिक्षण आणि १०० तास कोचिंग, पीसीसी साठी १२५ आणि ५००, एमसीसी साठी २०० आणि २५००. हे सरकारी लायसन्स नाही, पण निदान माणूस शिकलाय आणि त्याने कुणासमोर तरी परीक्षा दिलीये एवढं कळतं.

त्याहून जास्त मला एक प्रश्न महत्त्वाचा वाटतो, तो पहिल्याच कॉलवर विचारा: माझा प्रश्न कोचिंगचा नाही, थेरपीचा आहे असं तुम्हाला मध्येच वाटलं तर तुम्ही काय करता? चांगला कोच लगेच सांगतो, कशावरून ओळखतो, कसं बोलतो, कुणाकडे पाठवतो. "तशी वेळच येत नाही", "माझ्या पद्धतीत सगळं येतं" असं उत्तर आलं तर नको. माझ्या कोचला हे शेवटी जाणवलं आणि तिनेच मला थेरपीचं सुचवलं, त्याबद्दल मी आजही तिची आभारी आहे, फक्त मी हा प्रश्न आधी विचारला असता तर ते बोलणं दुसऱ्या महिन्यात झालं असतं.

तीन सेशनमध्ये ट्रॉमा (मनावरचा जुना आघात) मुळासकट काढतो, खात्रीशीर रिझल्ट, सगळं पॅकेज आजच भरा नाहीतर ऑफर जाईल, यातलं काहीही ऐकू आलं तर थांबा. आणि कुणी तुम्हाला गोळ्या बंद करायला सांगितल्या तर अजिबात ऐकू नका. डिप्रेशनच्या गोळ्या अचानक सोडल्या की चक्कर, मळमळ, झोप उडणं, बेचैनी असे त्रास होऊ शकतात, त्या सोडायच्याच असतील तर लिहून देणाऱ्या डॉक्टरच्या सल्ल्याने हळूहळू कमी करतात.

कंपनी कोचचे पैसे भरत असेल तर आणखी एक काळजी. तुमच्या बॉसला किंवा एचआरला नक्की काय कळवलं जाणार, हे सुरू होण्याआधी लेखी घ्या. साधारण पद्धत अशी की किती सेशन झाली आणि ठरलेलं ध्येय काय एवढंच जातं, बोलणं जात नाही, पण साधारण पद्धतीवर विसंबू नका. थेरपिस्टला गोपनीयतेची बंधनं बऱ्याच ठिकाणी कायद्याने किंवा व्यवसायाच्या नियमांनी असतात, कोचच्या बाबतीत बरंचसं तुमच्यातल्या करारावर आणि त्याच्या नीतीवर चालतं. थेरपीतही गोपनीयतेला अपवाद असतात, मुख्य म्हणजे तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तेव्हा, आणि चांगला थेरपिस्ट ते अपवाद पहिल्या भेटीतच स्वतःहून सांगतो.

थेरपिस्ट निवडताना

शिक्षण काय, तुमच्या देशातल्या नियमाप्रमाणे रजिस्ट्रेशन किंवा लायसन्स आहे का, सुपरव्हिजन घेतात का, आणि माझ्यासारख्या त्रासावर कुठल्या पद्धतीने काम करतात. हे विचारताना आपण उद्धटपणा करतोय असं वाटतं, पण यात उद्धट काही नाही, त्यांना याची सवय असते. पद्धत विचारायची कारण सगळ्या त्रासांना एकच औषध नसतं. पॅनिक अटॅक आणि अँक्झायटीवर सीबीटी, ओसीडीवर (नको ते विचार सारखे येणं आणि त्यापायी तीच कृती पुन्हा पुन्हा करणं) ईआरपी म्हणजे भीतीला थोडं थोडं सामोरं जायचं पण हात धुणं, तपासणं वगैरे करायचं नाही अशी पद्धत, ट्रॉमावर ट्रॉमासाठीची सीबीटी किंवा ईएमडीआर, म्हणजे आठवण मनात आणताना डोळ्यांच्या हालचाली करवून घेणारी पद्धत, भावनांचा प्रचंड चढउतार आणि स्वतःला इजा करणं यावर मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांची डीबीटी, म्हणजे भावना सांभाळायची कौशल्यं शिकवणारी पद्धत, असं साधारण आहे. नावं पाठ करायची गरज नाही, समोरचा माणूस तुमच्या त्रासाबद्दल नेमकं बोलू शकतोय की नुसतं "आपण बोलू, मोकळं होऊ" म्हणतोय एवढं बघा.

सेशन साधारण ४५ ते ५० मिनिटांचं असतं, बहुतेक दर आठवड्याला. सीबीटीसारख्या पद्धतीत पुष्कळदा १२ ते २० सेशनमध्ये बऱ्यापैकी काम होतं, काही गोष्टींना वर्षही लागतं. सुरुवातीची एक दोन सेशन माहिती घेण्यात जातात, तेव्हा हलकं न वाटता उलट ढवळून निघाल्यासारखं वाटू शकतं, त्याने घाबरून सोडू नका.

पण तीन चार सेशननंतर एकदा शांतपणे तपासा. एडवर्ड बॉर्डिन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये थेरपीतल्या नात्याचे तीन धागे सांगितले होते, ते मला फार उपयोगी पडले: आपण कशासाठी भेटतोय यावर दोघांचं एकमत आहे का, जे करतोय त्याने तिथे पोचू असं पटतंय का, आणि या माणसासमोर मला खरं बोलता येतंय का. कोचलाही हेच तीन प्रश्न लावा. मी खोटा आकडा पाठवत होते तेव्हा तिसरा धागा केव्हाच तुटला होता आणि मला ते दिसत असूनही मी बोलले नाही.

थेरपिस्टने स्वतःच्याच गोष्टी सांगत वेळ घालवला, तुम्हाला धंद्यात ओढलं, मैत्रीच्या किंवा शरीराच्या जवळिकीकडे गाडी नेली, तर ते सरळ चूक आहे, निघा आणि तक्रार करा. नुसतं जमलं नाही तर तेही सांगता येतं: "मला वाटतंय आपलं बोलणं पुढे सरकत नाहीये, तुम्हाला काय वाटतं?" या वाक्याने एकतर काम सुधारतं नाहीतर योग्य माणसाचं नाव मिळतं.

दोन्ही एकदम चालतं का, तर चालतं, पण दोघांना एकमेकांबद्दल माहीत असू दे आणि कामं वेगळी असू देत. वेळ किंवा पैसा एकापुरताच असेल आणि मनात शंका असेल तर आधी थेरपिस्टची एक भेट घ्या. थेरपिस्ट तुम्हाला कोचिंग पुरेल असं सांगू शकतो, त्याला तपासायचं शिक्षण असतं. कोचला ते नसतं, त्यामुळे उलटा प्रवास लांबतो.

पहिला मेसेज

इथे बहुतेक जण अडकतात, नंबर मिळतो आणि महिनाभर तसाच पडून राहतो. म्हणून मेसेज लिहूनच देते, बदल करून पाठवा:

"नमस्कार, मला तीन महिन्यांपासून झोपेचा आणि सतत काळजी वाटण्याचा त्रास आहे, कामावर परिणाम होतोय. आधी थेरपी घेतलेली नाही. तुमच्याकडे सध्या जागा आहे का, आणि अशा त्रासावर तुम्ही कसं काम करता हे १५ मिनिटं फोनवर बोलता येईल का? फी आणि कॅन्सल करायचे नियमही कळवा."

कोचला पाठवायचा असेल तर त्रासाच्या जागी ध्येय लिहा, सहा महिन्यांत काय बदललेलं हवंय ते एका वाक्यात, आणि खाली तो प्रश्न जोडा, थेरपीची गरज वाटली तर तुम्ही काय करता. ते एक वाक्य लिहिताना ध्येय सुचतच नसेल आणि हात सारखा त्रासच लिहीत असेल, तर तो मेसेज कोचला न पाठवता थेरपिस्टला पाठवा. एकाच वेळी दोघातिघांना पाठवला तरी चालतो, काहींकडे जागा नसते, काही उत्तर द्यायला आठवडा लावतात, त्याचा तुमच्याशी संबंध नसतो. फोनच्या आधी कागदावर तीन ओळी लिहून ठेवा, काय होतंय, कधीपासून, आणि त्यामुळे काय अडलंय, कारण फोन लागला की घशात शब्द अडकतात आणि आपण "तसं काही विशेष नाही" म्हणून मोकळे होतो. तसं झालंच तर कागद बघून सरळ वाचून दाखवा, मी तसंच केलं होतं.